कपड्यांच्या रॅकला बांधलेली माटोळी

गोव्यात, फोंड्याला घरी येऊन आज बारा दिवस झाले आणि या बारा दिवसांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे "थंय दिसभर कितें करता गो तूं?" म्हणजे तिथे दिवसभर काय करतेस गं तू. शेजारच्या काकूंनी विचारला, बाजारात फुलवालीने विचारला, आजी तर रोज विचारते, काल सांगितलेलं आज विसरते आणि परत विचारते. मी दर वेळी तीन वाक्यांत सांगते, कॉलेज, लायब्ररीत काम, मग घरी येऊन जेवण करणं, आणि ऐकणारं माणूस मान डोलावतं पण माझंच समाधान होत नाही कारण दोन वर्षं अशी तीन वाक्यांत बसत नाहीत. आत्ता बाहेर धो धो पाऊस लागलाय, सकाळपासून लाईट नाही, लॅपटॉपला दोनेक तासांची बॅटरी आहे, म्हटलं बसून नीट लिहूनच काढू.

मी पिट्सबर्गला असते. ऑगस्ट २०२२ मध्ये सिव्हिलच्या एमएसला गेले, यंदा, २०२४ च्या एप्रिलमध्ये ते संपलं. अमेरिका म्हटलं की आपल्याकडे न्यूयॉर्क नाहीतर कॅलिफोर्निया, पण पिट्सबर्ग म्हणजे पेनसिल्व्हेनिया राज्याचं पश्चिमेकडचं टोक, सगळा चढउताराचा भाग, एके काळी पोलादाच्या कारखान्यांचं शहर. अलेघेनी आणि मोनोंगाहेला अशा दोन नद्या शहराच्या मधोमध एकमेकींना मिळतात आणि तिथून पुढे त्यांचं नाव ओहायो. समुद्र जवळपास कुठेही नाही, याचं मला पहिले दोन महिने खूप वाईट वाटायचं, पण नद्या आहेत आणि नद्यांवर, ओढ्यांवर, दऱ्यांवर मिळून साडेचारशेच्या आसपास पूल आहेत. मांडवी आणि जुवारीच्या मधल्या गावात वाढलेल्या मुलीला पूल काय नवीन नाही. तरी तिथे पहिल्या आठवड्यात बसमधून जाताना मी पूलच मोजत बसायचे.

बसचं आधी सांगते कारण माझा दिवस बसनेच सुरू होतो. मी राहते त्या स्क्विरल हिलमधून ६१डी मिळते, ती फोर्ब्स अव्हेन्यूने ओकलंडला युनिव्हर्सिटीपाशी सोडते. विद्यार्थ्यांना तिकीट नाही, कॉलेजचं ओळखपत्र मशीनला टेकवलं की झालं, आणि खरं सांगते, महिन्याच्या शेवटी खात्यात चाळीस डॉलर उरलेले असताना ही एक गोष्ट फुकट आहे याचा किती आधार वाटतो ते तिथे राहिल्याशिवाय कळणार नाही. कंडक्टर नसतो. "फुडें वच, फुडें वच" म्हणून ओरडणारं कोणी नाही, सुरुवातीला ती शांतता मला अंगावर यायची. पण तिथली एक सवय मला फार आवडली, उतरताना लोक ड्रायव्हरला मोठ्याने थँक यू म्हणतात, मागच्या दारातून उतरणारे पण तिथूनच ओरडून म्हणतात, म्हातारी माणसं, शाळेची पोरं, सगळी. परवा फोंडा-पणजी बसमधून उतरताना माझ्या तोंडून सहज "देव बरें करूं" गेलं आणि कंडक्टर माझ्याकडे बघून छान हसला.

आता पुलांचं. मी गेले त्याच वर्षी, २८ जानेवारी २०२२ ला, मी तिथे पोचायच्या सात महिने आधी, फोर्ब्स अव्हेन्यूवरचा फर्न हॉलो नावाचा पूल सकाळी सकाळी कोसळला होता. वर एक बस होती आणि काही गाड्या. काही माणसं जखमी झाली, मेलं कोणी नाही. आणि योगायोग असा की त्याच दिवशी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन रस्ते-पूल दुरुस्तीवरच बोलायला पिट्सबर्गला येणार होते. हे मी बाबांना फोनवर सांगितलं तर बाबा एकदम गप्प झाले आणि मग म्हणाले, "आमची मांडवी." ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा बाबा म्हापशाला नोकरीला होते, त्यानंतर कित्येक वर्षं पणजी ते बेती फेरीबोट, भर पावसात, छत्री उलटी होतेय, ऑफिसला उशीर होतोय. लहानपणापासून ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की सिव्हिल घ्यायचं माझ्या डोक्यात कुठून आलं असं कोणी विचारलं तर मी तिथेच बोट दाखवीन.

फर्न हॉलोचा चौकशी अहवाल यंदा फेब्रुवारीत आला, आमच्या वर्गात त्यावर दोन आठवडे चर्चा चालली. कारण ऐकाल तर इतकं साधं आहे. पुलावरचं पाणी जायच्या वाटा पानांनी आणि कचऱ्याने तुंबल्या, पाणी आणि रस्त्यावरचं मीठ पुलाच्या पोलादी पायांवरून वाहत राहिलं, पाय गंजून गंजून पातळ झाले. दर तपासणीत वर्षानुवर्षं लिहून ठेवलेलं की हे साफ करा, दुरुस्त करा, आणि काम झालंच नाही. आपल्याकडे मे महिन्यात छपराचे नळे परतायचे, गटार उपसायचं, पागोळीचं पाणी भिंतीवर येत नाही ना बघायचं, हे आजी हातात काठी घेऊन उभी राहून करून घेते. मी वर्गात हे सांगितलं, इंग्रजीत कसंबसं, आणि प्रोफेसर म्हणाले की मेंटेनन्स म्हणजे नेमकं हेच. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की माझ्याकडे पण इथे सांगण्यासारखं काहीतरी आहे.

बाकी दिवस म्हणजे वेळेचा हिशेब. एफ-१ म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, ते पण कॅम्पसवरच, त्यामुळे लायब्ररीच्या काउंटरवर मी एकोणीस तासांच्या वर शिफ्ट लावून घेत नव्हते, चुकून वीस मिनिटं जास्त भरली तर काय या भीतीने. ही भीती तिथल्या प्रत्येक इंटरनॅशनल स्टुडंटच्या पोटात असते, घर बदललं की दहा दिवसांत पत्ता कळवायचा, सुट्टीला घरी यायचं तर आय-२० या कॉलेजने दिलेल्या कागदावर आधी सही घ्यायची, एक विषय सोडायचा तरी आधी परवानगी. अमेरिकन मित्रमैत्रिणी सहज म्हणतात की अगं हा विषय सोड ना एवढं टेन्शन असेल तर. त्यांना काय सांगणार.

कपडे धुणं हा एक वेगळाच विषय. इमारतीच्या तळघरात मशीन आहेत आणि त्यांना फक्त क्वार्टर चालतात, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं. धुवायला सात, सुकवायला सहा. त्यामुळे क्वार्टर मिळवणं हेच काम होऊन बसतं, शेवटी कोणीतरी सांगितलं की बँकेत दहा डॉलर दिले की चाळीस क्वार्टरची कागदात गुंडाळलेली नळी मिळते. ती नळी पहिल्यांदा हातात आली तेव्हा तिचं वजन मला अजून आठवतं. आजी पूर्वी देवळात वाटायला सुट्या पैशांची पुरचुंडी कमरेला खोचायची, तसंच ते वजन.

जेवणाचं म्हणाल तर सगळ्यात आधी मी शोधला तांदूळ. उकडा तांदूळ इंडियन स्टोअरमध्ये गोव्याचा नाही मिळत पण केरळचा मट्टा मिळतो, लालसर, जाड, त्याची पेज आपल्या पेजेच्या अगदी जवळ जाते. नारळ किसलेला, फ्रोझन, चौकोनी पाकिटात. बांगडे पण फ्रोझन. तिरफळं आणि सोलं मी घरून नेलेली, तिरफळांची बरणी दोन वर्षं पुरवली, शेवटी शेवटी हुमणात, म्हणजे आमच्या माशांच्या आमटीत, तीन ऐवजी एकच टाकायचे. हुमण केलं की सगळ्या खिडक्या उघडायच्या, जानेवारीत बाहेर उणे दहा असलं तरी. माझ्या दोन रूममेट, एक कोल्हापूरची, एक हैदराबादची, हैदराबादची मासे खात नाही पण कधी एका शब्दाने काही बोलली नाही, उलट हुमणाच्या दिवशी ती स्वतः उठून खिडकी उघडायची आणि स्वेटर घालून बसायची. तिचे हे उपकार मी विसरणार नाही.

कोल्हापूरची पहिल्याच दिवशी म्हणाली, तू गोव्याची ना, मग मराठी कशी काय? हा प्रश्न मला महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाने विचारलाय. आमच्या घरी बोलणं कोकणीत, पण शाळा मराठी, बाबांचा पेपर मराठी, आरती, भजन, गावच्या जत्रेतलं नाटक सगळं मराठी, चिठ्ठी लिहायची तर मराठीतच हात चालतो. आमच्याकडे या दोन भाषा एकाच घरात राहतात, असं मी तिला सांगितलं. तिला ते लगेच पटलं नाही, हळूहळू पटलं. आणि पिट्सबर्गच्या जुन्या लोकांच्या तोंडात एक शब्द आहे, यिन्झ. म्हणजे तुम्ही सगळे. इंग्रजीत एकाला पण यू आणि दहा जणांना पण यू, पण या लोकांनी आपलं स्वतःचं अनेकवचन करून ठेवलंय. आमच्या बसस्टॉपवर भेटणाऱ्या आजीबाई आम्हा तिघींना रोज विचारायच्या की यिन्झ थंडीत गारठत नाही का. मला तो शब्द ऐकला की घरचं कोणीतरी बोलल्यासारखं वाटायचं.

पहिल्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, ३१ ऑगस्टला आली, मी पोचून तीन आठवडे पण झाले नव्हते. काही केलं नाही. रात्री तीनला अलार्म लावून उठले, आपल्याकडे दुपारचे साडेबारा, व्हिडिओवर घरची आरती बघितली, घुमट, आमचं मातीच्या भांड्याचं वाद्य, वाजत होतं, फोन कोणीतरी माटोळीकडे फिरवला, मग नेटवर्क गेलं. सकाळी साडेनऊचा क्लास होता, गेले. एवढंच.

दुसऱ्या वर्षी, २०२३ ला, म्हटलं यंदा गणपती आणायचाच. आणि गणपती म्हणजे माटोळी आलीच. जे गोव्याचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे गणपतीच्या वर एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या दिवसांत रानात, परसात, कुळागरात जे जे मिळतं ते बांधतात. असोले नारळ, सुपारीचं शिपटं, तोरंजन, आंबाडे, चिबूड, केळ्यांचा घड, आणि रानातली कांगलां, कवंडळं, हरणां, कुड्याच्या शेंगा. चवथीच्या आदल्या दोन दिवशी फोंड्याला माटोळीचा बाजार भरतो, डोंगराकडच्या बायका डोक्यावर पाटी घेऊन येतात, त्यातली अर्धी फळं खायची नसतातच, कित्येकांची नावं आता फक्त आजीला माहीत.

पण बांधायची कुठे? इथे डिपॉझिटची गोष्ट सांगावी लागेल. आमचं आधीचं घर आम्ही जुलै २०२३ ला सोडलं, भिंतीवर कॅलेंडर आणि फोटो लावायला आम्ही चार खिळे ठोकलेले, त्या चार भोकांपायी घरमालकाने तिघींचं मिळून तीनशे डॉलर कापायचं ठरवलं आणि उरलेले पण महिना उलटला तरी दिले नाहीत. आम्ही फोन करून करून थकलो. मग हैदराबादच्या रूममेटने कायदा शोधला, पेनसिल्व्हेनियात घर सोडल्यावर तीस दिवसांच्या आत घरमालकाने डिपॉझिट तरी परत द्यायचं नाहीतर कशाकशाचे किती कापले त्याची लेखी यादी द्यायची, नाही दिली तर कापायचा हक्कच जातो. मात्र आपण आपला नवीन पत्ता लेखी दिलेला असला पाहिजे, तो आम्ही नशिबाने ईमेलने दिला होता. रीतसर पत्र पाठवलं, आठवड्यात सगळे पैसे आले. नवीन जाणाऱ्या मुलामुलींनी एवढं नक्की लक्षात ठेवा, घरात शिरताना प्रत्येक भिंतीचे फोटो काढा आणि निघताना पत्ता लेखी द्या.

पैसे मिळाले पण नवीन घराच्या छताला हुक मारायची कोणाची हिंमत होईना. शेवटी हॉलमध्ये कपडे टांगायचा चाकांचा रॅक होता, त्याच्यावरचे कोट काढून पलंगावर टाकले, ओव्हनमधली जाळी काढून स्वच्छ धुतली आणि ती सुतळीने रॅकच्या दांडीला चारी कोपऱ्यांत बांधली. झाली चौकट. गणपती मातीचा, आर्ट डिपार्टमेंटमधल्या मैत्रिणीने न भाजलेली माती दिली, कोल्हापूरच्या रूममेटने केला, तिचा हात चांगला आहे.

आता बांधायचं काय. पहिल्यांदा मी इंडियन स्टोअरची यादी केली, नारळ, सुपारी, विड्याची पानं, भेंडी, कारली. आईला फोन केला, यादी वाचून दाखवली. पलीकडून आजीचा आवाज आला, "तें सगळें दुकानांतलें. तुमगेल्या थंय रानांत कितें जाता?" म्हणजे तुमच्याकडे रानात काय होतं. मी गप्प. वर्षभर राहिले, फर्न हॉलोच्या खालच्या जंगलात पुलाचा अभ्यास म्हणून चार वेळा जाऊन आले, पण तिथे काय उगवतं ते मला माहीत नव्हतं. माझी मान पुलाकडे, वरती.

शनिवारी ब्लूमफिल्डला शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथे गेले. रंगीत मक्याची कणसं, लाल, जांभळी, काळपट, सालासकट. छोटी छोटी आंबट सफरचंदं, बोराएवढी. काळी काँकॉर्ड द्राक्षं, लेक एरीच्या काठची, त्यांचा वास दहा पावलांवरून येतो. भोपळे तर किती आकारांचे. आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या टेबलावर कोपऱ्यात एका खोक्यात हिरवी, थोडी पिवळसर, बोटभर लांबीची गुबगुबीत फळं, नाव पॉपॉ. त्याने एक कापून दिलं. आत पिवळा मऊ गर, आणि गरात मोठ्या मोठ्या तपकिरी काळ्या चकचकीत बिया. मी बी तोंडातून काढून हातात घेतली आणि बघतच राहिले. सीताफळाची बी. आकाराने मोठी पण तीच. वास थोडा केळ्याचा, थोडा आंब्याचा, गर तसाच चमच्याने खायचा. नंतर वाचलं तर खरंच, पॉपॉ सीताफळ-रामफळाच्याच कुळातलं झाड आहे, ते जवळजवळ सगळं कुळ उष्ण प्रदेशातलं आणि हे एकटं बर्फ पडतो तिथे नदी-ओढ्याच्या काठाने मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं. झाडावरून काढलं की दोन-तीन दिवसच टिकतं म्हणून सुपरमार्केटात कधी येत नाही. म्हणजे मी दुकानांत फिरत राहिले असते तर ते मला आयुष्यात दिसलं नसतं.

त्याला मी विचारलं की हे बांधून ठेवायचंय, कच्चं मिळेल का. कशाला म्हणून विचारलं त्याने, मी सांगितलं, देवाच्या डोक्यावर रानातली फळं बांधतो आम्ही. त्याने सहा कडक फळं निवडून दिली, वर फांदीसकट काळ्या अक्रोडाची हिरवी फळं दिली, पैसे घेतले नाहीत, आणि म्हणाला अक्रोडाची साल सोलू नकोस, हाताचा डाग पंधरा दिवस जात नाही. ओकची फांदी आम्हाला रस्त्यावर पडलेली मिळाली, तिला बोंडं होती.

मंगळवारी चवथ. माझा साडेनऊचा क्लास, दुपारी लायब्ररी, त्यामुळे पूजा पहाटे पाचला. घरच्यांनी दुपारची आरती आमच्यासाठी अडीचपर्यंत थांबवली. धूप लावायला मनाई, स्मोक अलार्म वाजला तर सगळी इमारत खाली येईल, तर फक्त निरांजन आणि खिडकी उघडी. फोन रॅकच्या पायाला टेकवून ठेवला, तिकडे घुमट सुरू झालं आणि आम्ही तिघी इकडे टाळ्या वाजवत, हळू आवाजात, खाली लोक झोपलेले. सुखकर्ता चालू असताना एक पॉपॉ हळूहळू सुतळीतून सरकत होतं ते मला दिसत होतं, पडलं नाही. दीड दिवसाने बादलीत विसर्जन केलं, मातीचं पाणी मागच्या अंगणातल्या झाडाला घातलं. द्राक्षं सगळ्यांना वाटली, शेजारच्या फ्लॅटमधल्या नायजेरियन जोडप्याला मका आणि नेवऱ्या.

मला तिथे गेल्यावर पहिले वर्षभर वाटायचं की मी बॅगेतून घर आणलंय आणि ते थोडं थोडं संपतंय, तिरफळांच्या बरणीसारखं. त्या बाजारानंतर तसं वाटायचं थांबलं. मग मी तिथली झाडं ओळखायला शिकले, कुठलं झाड कधी फुलतं ते आता मला बसच्या खिडकीतून कळतं.

जुलैत परत चाललेय. ओपीटीचं कार्ड आलंय, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे वर्षभर नोकरी करायची परवानगी, इंजिनिअरिंगवाल्यांना पुढे अजून दोन वर्षं वाढवून मिळू शकते. नोकरी पुलांच्या तपासणीची, पिट्सबर्गलाच, हे बाबांनी आतापर्यंत निम्म्या फोंड्याला सांगून झालंय.

काल आजीला माटोळीचे फोटो लॅपटॉपवर मोठे करून दाखवले. गेल्या वर्षी फोनवर तिला नीट दिसलं नव्हतं. रॅक, ओव्हनची जाळी, कोट पडलेला पलंग, सगळं तिने बघितलं, मग पॉपॉवर बोट ठेवून "हें कितें?" मी सांगितलं, सीताफळाची तिकडची बहीण. यंदा चवथ ७ सप्टेंबरलाच आहे आजी, म्हटलं, त्या वेळी ही फळं अजून पिकलेली नसतील, मिळतील की नाही काय माहीत.

"कच्चें आसल्यार बरेंच," आजी म्हणाली, "पडचें ना." आणि उठून आत गेली, माळ्यावरून गेल्या वर्षीच्या केवणीच्या, म्हणजे एका रानझाडाच्या सालीच्या, दोरांची गुंडाळी काढून घेऊन आली. सुतळी सरकते, हे सरकत नाहीत. कस्टममध्ये विचारलं तर दाखवायला सोपं जावं म्हणून मी ती बॅगेत सगळ्यात वर ठेवलीय.